नारळावर थांबायला हवं होतं

वाघासमोर बिनहत्यारी उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल, तर मला पाहून घ्या! नाव आत्माराम, राहणार लांज्याच्या अलीकडली वाडी, वय छत्तीस, छाती बेताची. हातात काठी नव्हती, कोयती नव्हती, पायात वहाणसुद्धा नव्हती. असा मी तासभर उभा होतो! आमच्या वाडीत कुणालाही विचारा. किंवा नको, विचारू नका. तिथे विचारलंत तर पुढचंही सांगतील.

आदल्या साली मी मिठाच्या सत्याग्रहात जाऊन आलो होतो. डोक्यात दोन लाठ्या आणि तीन महिने तुरुंग. सुटून आलो तो थेट वाघजाईच्या देवळात गेलो आणि साऱ्या गावासमोर शपथ घेतली, की यापुढे शस्त्राला हात लावणार नाही! टाळ्या पडल्या. मग मला वाटलं, व्रत करायचं तर चोख करावं. बंदूक-तलवार आमच्या सात पिढ्यांत कुणी धरली नव्हती, ती सोडण्यात कसला आलाय मोठेपणा? म्हणून कुऱ्हाड सोडली, कोयती सोडली. शेवटी अडकित्ताही सोडला.

बायको, मथुरा, म्हणाली, "म्हंजे व्रत तुमी करायचा नि लाकडं मी फोडायची?"

"देशासाठी फोड," मी म्हटलं.

ती फोडायची बिचारी. सुपारीसुद्धा कातरून द्यायची. तिचं म्हणून या घरात एकच होतं, ते म्हणजे पोवळी गाय. सावर्ड्याला तिचं माहेर. भावाने वासरू दिलं, ते तिने तीन दिवस चालवत इकडे आणलं. पेज आधी पोवळीला, मग मला. आता पोवळी पहिल्यांदा गाभण होती, आणि मथुरा रोज तिच्या पोटाला हात लावून महिने मोजायची. हे ध्यानात ठेवा. मला ध्यानात ठेवता आलं नाही, त्याचीच ही कथा आहे.

शिमग्याच्या आधी आठवडाभर वाघाने आमच्या वाडीत उच्छाद मांडला. शिकारी लोक त्याला बिबळ्या म्हणतात म्हणे. म्हणोत! आमच्याकडे तो वाघच. चार कुत्री गेली, शेजारच्या बाबूची शेळी गेली. गावात बंदूक एकच, ठासणीची, आप्पा खोतांची. लोक त्यांच्या पायऱ्या झिजवू लागले, तसा मी देवळात उभा राहिलो आणि बोललो, "बंदूक कशाला? निर्भय माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवायची वाघाची छाती नाही! माझ्या दारात येऊ दे, मी नुसत्या शब्दांनी घालवून दाखवतो!"

"येऊ दे हां," आप्पा खोत म्हणाले.

आणि तो आला की हो! तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी!

मी जेवून ओटीवर आडवा झालो होतो. बाबूचं उरलेलं एक कुत्रं शेपूट घालून आमच्या घरात शिरलं, आणि त्याच्यामागे पिवळं काहीतरी माझ्या अंगावरून गेलं. कुत्रं मागच्या दाराने सुटलं. मथुरा परसात होती, तिने आत पाहिलं आणि धाडकन मागचं दार ओढून घेतलं. इकडे मी पुढचं दार ओढलं आणि कडी घातली. वाघ कोंडला!

गाव अजून म्हणतं, काय ती समयसूचकता! खरं सांगू? मी पळत होतो. पळताना माझ्या धोतराचा सोगा दारात गेला, तो उपटायला गेलो तर दार लागलं, आणि घाबरून हाताने कडी घातली. आता सोगा आत, कडी बाहेर आणि मी मध्ये! कडी काढावी तर वाघ बाहेर येतो. धोतर सोडावं तर लंगोटीवर पळावं लागतं, आणि समोर अख्खी वाडी गोळा होत होती, बायकांसकट!

"बगा, बगा!" बाबू ओरडला. "दारापासून हलत नाय! काय काळीज आहे!"

मथुराने गोठ्यातून पोवळीला सोडून पुढे आणलं आणि अंगणातल्या फणसाला बांधलं. गोठा स्वयंपाकघराला लागूनच, मध्ये नुसता कुडाचा आडोसा. वाघाने पंजा मारला तर पलीकडे गायच!

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आप्पा बंदूक घेऊन आलेत. मारू द्या त्येंना."

खरंच आले होते. पान चघळत, बंदूक खांद्यावर. "काय आत्माराम, मारू काय? की शब्दांनी घालवतोस?"

माझ्या तोंडाशी 'मारा' आलं होतं, देवाशपथ आलं होतं! पण पन्नास डोळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आप्पा, बंदूक खाली ठेवा!"

मथुराने माझ्याकडे असं पाहिलं की वाघ परवडला. तशीच घराच्या बगलेने मागे निघून गेली. मला वाटलं, रुसली. रुसो!

मी दाराकडे तोंड केलं. "मित्रा! आमचा तुझ्यावर राग नाही. तूही या देशाचाच—"

आतून अशी डरकाळी आली की ओटीवरची घोंगडी हलली. माझं पुढचं भाषण घशातच राहिलं, आजवर तिथेच आहे.

"आरं, भाषण काय करतंस!" बाबू म्हणाला. "वाघ वाघजाईचा. तिला गाऱ्हाना घाल!"

आता गाऱ्हाणं घालायचं काम काशीराम गुरवाचं. पिढीजात. पण तो लांज्याच्या बाजाराला गेलेला. आणि गाऱ्हाण्यात असं काय मोठं आहे? लहानपणापासून ऐकत आलोय. घालणाऱ्याने देवीला सांगायचं, मागायचं, बदल्यात काही कबूल करायचं, आणि दर वाक्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी हात जोडले.

"बाय माझे वाघजाय म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"तुजा वाघ आज वाट चुकून तुज्या लेकराच्या घरात शिरलाय. त्याला त्याची वाट दाव, आमाला आमची दाव! तुला नारळ देईन म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आत एकदम सामसूम. खरंच सांगतो, डरकाळी नाही, गुरगुर नाही! गावात कुजबुज झाली. मी मान वळवून आप्पांकडे पाहिलं, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. खर्र... खॉक्! खर्र... खॉक्! करवतीने ओला सोट कापावा तसा. वाघ असाच ओरडतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"एका नारळात भागत नाय त्याचा," बाबू मागून म्हणाला.

"पाच नारळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खॉक्, खॉक्! आणि आत भांडी खणाणली. बहुतेक माझ्या आमटीचं पातेलं.

"कोंबडा देईन म्हाराजा!" अहिंसेचं व्रत त्या क्षणी कुठे होतं, ते मला विचारू नका.

"व्हय म्हा... आक् छी!" अर्ध्या गावाला शिंका आल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, नाकात जाळ पेटला, घसा सोलला. मी म्हटलं, संपलं. देवी कोपली! मिरच्यांचा धूर ओळखायला काही पंडित लागत नाही हो, पण भ्यालेल्या माणसाला नाक नसतं.

"बारा वरसं तुज्या देवळाच्या पायऱ्या झाडीन म्हाराजा!"

"व्हय... आक् छी... म्हाराजा!"

आणि दारावर थाप पडली. आतून! माझ्या नाकापासून एका फळीच्या अंतरावर! धाड, धाड, आणि मध्ये खर्र... खॉक्! दार हललं, कडी वाजली, माझा सोगा ताणला गेला. मला आता देण्यासारखं काही सुचेना. पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी मी मागे वळून अंगणभर पाहिलं. समोर फणसाखाली पोवळी शांतपणे रवंथ करत उभी होती.

"पोवळी!" मी किंचाळलो. "ही पोवळी गाय, पोटातल्या वासरासकट, आजपासून तुज्या देवळाची म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" एवढ्या जोरात गाव त्या दिवशी पहिल्यांदाच ओरडलं.

दारावरच्या थापा थांबल्या. खोकला थांबला. मी डोळे मिटले. काय सांगू, त्या क्षणी मला खरोखर वाटलं, जिंकलो!

मग घराच्या बगलेने मथुरा आली. केस राखेने माखलेले, डोळे इंगळासारखे लाल, पदर तोंडाला, हातात धुराचं खापर. तिला ठसक्यावर ठसके येत होते. खर्र... खॉक्! खर्र... खॉक्!

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"वाघ कवाच गेला रानात," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कुडाच्या भोकातून मिरच्यांचा धूर दिला, नि लांबून दोरीने मागचा दार उगडला. शिंकत गेला. म्हनून आत गेले, कुडाला धरलेली आग विझवली, तर ठसका लागला. तुमाला हाक माराय गेले तर गळ्यातून शबूद निगंना. दार ठोकला, तर तुमी काय उगडत नाय." ती फणसाकडे बघत राहिली. "आनि पोवळीचा काय म्हनलात?"

बाबूनेच सांगितलं, मेल्याने! सगळं, क्रमवार, नारळापासून.

म्हणजे बघा! वाघ नारळावरच गेला होता. पुढचे चार नारळ, कोंबडा, बारा वर्षं आणि गाय, हे सगळं मी माझ्या बायकोच्या खोकल्याला घाबरून देऊन बसलो होतो!

मथुराने कडी काढली, दार लोटलं, आणि माझा सोगा माझ्या हातात दिला.

"आरं, पण तुमी सगळे 'व्हय' का म्हनलात?" मी गावावर उखडलो.

"आमी काय ऐकतो थोडाच?" बाबू म्हणाला. "घालणारा थांबला की व्हय म्हनायचा, येवडाच आमाला ठावं!"

संध्याकाळी काशीराम गुरव बाजारातून आला. मी त्याच्यापुढे सगळं ओतलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आत्माराम! नारळावर थांबायचा असतो! मी तीस वरसं गाऱ्हानी घालतोय, माणूस मरत आसला तरी कोंबड्याच्या फुडं गेलो नाय कदी!"

"मग आता फिरव की ते!"

"गाव व्हय म्हनला. आता कसा फिरंल?"

तरी मी त्याचे पाय धरले. त्याने कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फूल ठेवलं आणि विचारलं, गायीच्या बदल्यात शंभर नारळ चालतील काय? उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मथुरा खांबाला टेकून उभी होती. मी उजव्या फुलाकडे एवढं डोळे लावून बघत होतो, वाघाकडेसुद्धा तसं बघितलं नसतं.

डावं पडलं.

देवळाचे मानकरी आप्पा खोत. देवीच्या गायीची देखभाल त्यांच्याकडेच. ते बंदूक खांद्यावर टाकून म्हणाले, "शब्दांनी घालवलास हो आत्माराम. वाघही, गायही."

मथुराने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोवळीला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, पेज पाजली आणि स्वतःच देवळात नेऊन बांधलं. परत आली ती रिकामं दावं घेऊन. ते खुंटीला टांगलं आणि त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "मथुरा..." ती चुलीपाशी गेली. मी ओटीवर जाऊन बसलो आणि रडलो. त्या वेळी धूर नव्हता.

आता पोवळीला पाडी झाली आहे. दूध आप्पांच्या घरी जातं. मी रोज पहाटे देवळाच्या पायऱ्या झाडतो, अजून अकरा वर्षं झाडायच्या आहेत. पोवळी मला ओळखते. बघते आणि तोंड फिरवते. मथुरा तेवढंही करत नाही.

कुऱ्हाड, कोयती, अडकित्ता, सगळं मी पुन्हा हातात घेतलं. घ्यायलाच लागलं. मथुरा माझ्याशी बोलत नाही, मागत काही नाही. लाकडं संपली, पाणी संपलं, नाहीतर सुपारी हवी झाली, की स्वयंपाकघरातून नुसती खोकते.

आणि मी ओटीवरून उठता उठता म्हणतो, "व्हय म्हाराजा!"