तबीथाबाईंचा तेला

“गप्प बसणं म्हणजे काय हो एवढं मोठं? तोंड मिटलं की झालं!”

शहाद्याच्या प्रार्थनामंदिराच्या पायरीवर, साऱ्या मंडळीच्या देखत तबीथाबाई असं म्हणाल्या आणि मग तोंड मिटण्याचे फायदे सांगण्यात त्यांनी पाव तास घालवला.

तबीथाबाई म्हणजे मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगाच्या बाई. पहाटे त्या उठत त्या “उठा गं” म्हणतच, आणि रात्री निजत त्या “निजा गं” म्हणत. मधल्या वेळात “वेणी घाल गं, ताट घास गं, विहिरीवर कोण वाकली गं!” हे अखंड चालू. शिवाय गावातल्या बायाबापड्यांना त्या तापाच्या गोळ्या देत, आणि गोळी देण्याआधी “तबियत कशी आहे?” म्हणून विचारत. त्यामुळे तबीथाबाई हे नाव मिशनच्या कुंपणाबाहेर कधी गेलंच नाही. सारा तालुका त्यांना तबियतबाई म्हणे.

त्या फाल्गुनात मात्र खुद्द तबियतबाईंचीच तबियत बिघडली. ताप नाही, खोकला नाही, नुसता शीण! एका संध्याकाळी तर मुलींसोबत गुडघे टेकून, डोळे मिटून त्या भक्तिभावानं म्हणाल्या, “हे दयाळू प्रभो, आता तू वेणी घाल!”

मुली हसल्या. बाई रडल्या. पाळक गुलाबसिंग काय समजायचं ते समजले.

“बाई, तुम्हांला विसावा हवा. कुठंतरी एकांतात जाऊन प्रभूपाशी बसा. गुरुवारी निघा, रविवारी उपासनेला या. बोलायचं मात्र नाही हं! लिहायचंही नाही. पेन्सिलीलाही जीभ असते. रविवारची घंटा वाजेपर्यंत मौन.”

त्यावरच बाईंचं ते पायरीवरचं भाषण झालं. पण भाषणानंतर घरी जाऊन त्यांनी गुडघे टेकले आणि प्रभूला तसा शब्द दिला. आता बाईंचा शब्द म्हणजे शब्द! रोज पहाटेची प्रार्थना, रोजचं शास्त्रवाचन, शुक्रवारी एक वेळ जेवण, यात आजवर खंड नव्हता. माणसांशी त्या वाटेल तितकं बोलत, पण देवाशी बोललेलं कधी मोडलं नव्हतं.

जागेची सोय झाली ती घेवरचंद शेठांकडून. त्यांची सून तापानं अंथरुणाला खिळली होती तेव्हा बाईंनीच तिची शुश्रूषा केली होती. शेठ म्हणाले, “आमच्या कळसाडीच्या घरामागं सरकीची खोली रिकामी पडली आहे. तुमचीच समजा!” आणि शेठांच्या घरी उगाच त्रास नको म्हणून शेजारच्या कौसाबाई पाटलिणीनं दोन्ही वेळची भाकर कबूल केली.

गुरुवारी सकाळी शेठांची बैलगाडी दाराशी आली. मुलींनी वाटेसाठी दाळे-गूळ बांधून दिला.

“अगं, मी काय जत्रेला निघालेय?” बाई म्हणाल्या. “मला काय करायचाय खाऊ!” आणि पुरचुंडी सोडून त्यांनी ती सगळी ढवळ्या बैलापुढं धरली. ढवळ्यानं गूळ खाल्ला, दाळे खाल्ले, फडकंही चाटून पाहिलं.

हा ढवळ्या लक्षात ठेवा.

वाटेत गाडीनं असा एक गचका खाल्ला की बाईंचा कंदील उलटून सगळं तेल त्यांच्या पदरावर सांडलं. गाडीवानाला चार शब्द सुनवायला बाईंनी तोंड उघडलं, आणि मौन सुरू झालंय हे आठवून तसंच मिटलं. ते चार शब्द कळसाडीपर्यंत घशात घोळत होते!

खोलीत त्या चटई पसरून बसतात न बसतात तोच शेठाणी कंचनबाई आल्या. साठीच्या, गुडघ्यांनी अधू, मनानं मात्र लोण्यासारख्या.

“या बाईजी, या! बरं वाटतं ना?”

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मग आभाळाकडे दाखवलं.

“मौन!” कंचनबाईंनी झटकन हात जोडले. त्यांच्या घरात मौन म्हणजे काय ते शिकवावं लागत नव्हतं. “भगवानासाठी मौन! किती दिवस?”

बाईंनी तीन बोटं दाखवली.

कंचनबाईंनी खोलीभर नजर फिरवली. चूल नाही. पिठाचा डबा नाही. लोणच्याची बरणी नाही. एक चटई, एक घोंगडी, एक कोरडा कंदील आणि तीन दिवसांचं मौन! त्यांचे डोळे विस्फारले.

“तेला?”

मारवाडी जैनांमध्ये तीन दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहून केलेल्या उपासाला तेला म्हणतात. हे तुम्हांआम्हांला कुणी सांगितलं म्हणून ठाऊक! तबीथाबाईंना कुठून असणार? त्यांनी कोरड्या कंदिलाकडे पाहिलं. किती समजूतदार बाई ही! न सांगता ओळखलं! ‘तेला’ म्हणजे मारवाडी लोक तेलालाच म्हणत असावेत, असं धरून त्यांनी मान हलवली. एकदा नव्हे, चांगली चारपाच वेळा हलवली. शिवाय पदराचा वास घेऊन दाखवला.

“घणी अनुमोदना!” तपाचं असं कौतुक करत कंचनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “ख्रिस्ती असून तेला! धन्य आहे बाई तुमची!”

एका कंदिलाच्या तेलासाठी एवढे उमाळे? बाई जरा गोंधळल्या.

थोड्या वेळानं गडी आला. तेल आणलं नाहीच, उलट कोपऱ्यातला गार पाण्याचा माठ उचलून नेला आणि त्या जागी उकळलेल्या पाण्याची कळशी ठेवून गेला. बाई पाणी प्यायल्या. कोमट! त्या आणखी गोंधळल्या.

दुपारी दाराबाहेर कौसाबाईचा आवाज आला. त्यासरशी बाईंचं पोट आनंदानं गुरगुरलं.

“अवं शेठाणी, बाईनी भाकर लयनी मी. वांगानं भरीत शे.”

“परत ने गं! बाईंचा तेला चालू आहे.”

“काय चालू शे?”

“तेला, तेला! तीन दिवस.”

“तेल सोडी दिधं का बाईनी? अरे देवा! मंग मी बिगर तेलनं करी लई येसू!”

पावलं दूर गेली. भरिताचा वास मात्र दारापाशी रेंगाळला. ‘तेल मी सोडलं? तेल तर सांडलं!’ बाईंना काही म्हणता काही उमगेना. शेवटी त्यांनी ठरवलं की ही सगळी व्यवस्था पाळकसाहेबांनीच केली असणार. एकांतात शरीराचेही लाड नकोत, असा त्यांचा विचार असेल! मौनात कुरकुर शोभत नाही. त्या गुडघे टेकून बसल्या.

संध्याकाळी कंचनबाईंनी दारातून प्रेमानं विचारलं, “साता?”

आता ‘साता’ म्हणजे सुखात आहात ना, अशी चौकशी. उपास करणाऱ्याला ती करायचीच असते. बाईंनी ऐकलं ‘सात’. सातला जेवण! त्यांचा चेहरा असा उजळला की विचारायची सोय नाही. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

“बघा, बघा!” कंचनबाई मागच्या बायकांना म्हणाल्या. “पोटात अन्नाचा कण नाही आणि चेहऱ्यावर तेज बघा!”

सात वाजले. अंधार पडला. तेल नव्हतं म्हणून दिवा नव्हता, आणि शेठांच्या घरची चूल तर दिवस मावळायच्या आतच विझली होती. बाई अंधारात बसून आठचीही वाट पाहू लागल्या.

शुक्रवारी तर त्यांच्या एकांताचा बाजारच भरला! कळसाडीच्या बायका आल्या, लोणखेड्याच्या आल्या, कुणी नारळ ठेवला, कुणी शाल पांघरली. दुपारी भजनं सुरू झाली. बोर्डिंगातल्या मुली बऱ्या म्हणायची पाळी! त्या निदान दटावल्यावर गप्प बसत. इथं दटावणार कशानं? बाईंनी दोन्ही हात हलवून ‘पुरे, पुरे’ अशी खूण केली. बायकांना वाटलं बाई ताल धरताहेत. त्यांनी आणखी एक भजन म्हटलं.

आणि मग एक म्हातारी पुढं आली, वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवू लागली!

तबीथाबाईंनी विंचू दिसावा तसे पाय ओढून घेतले. माणसानं माणसाच्या पाया पडावं? आणि तेही माझ्या? त्यांच्या अंगावर काटा आला. पण पाय ओढलेले पाहून बायका एकमेकींना म्हणाल्या, “गर्व म्हणून नाही हो यांना!” आणि दुसरी वाकली. बाईंनी पाय पोटाशी घेतले. तिसरी वाकली. बाई पायांवरच बसल्या. त्या दिवशी त्या ज्या मांडी घालून बसल्या, त्या मुंग्या येईपर्यंत उठल्या नाहीत.

‘प्रभो,’ त्या मनात म्हणाल्या, ‘मी एकांत मागितला आणि तू हे काय दिलंस? बोलले तर तुला दिलेला शब्द मोडतो. नाही बोलले तर या बिचाऱ्या कशाला तरी फसताहेत, आणि कशाला ते मलाही कळत नाही!’

शनिवारी मागच्या खिडकीतून कुजबुज ऐकू आली. “बाई, वं बाई! मन्हा हातनी भाकर तुले कडू लागनी का वं? हाई ले, तेलना टिपूस नही!”

कौसाबाईचा हात आत आला. हातात भाकर! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात आभार मानले. इथंच चुकलं. आभार जरा आटोपशीर मानायला हवे होते. कारण मनातच ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तोवर कंचनबाई दहा बायकांसह आत आलेल्या, आणि कौसाबाईच्या हातातली भाकर घेऊन कौतुकानं म्हणताहेत, “समोर भाकर आली तर डोळे मिटून घेतले! बघितलंत?”

ती भाकर ढवळ्याला घातली गेली.

रविवार उजाडला. तपस्या करणाऱ्या बाईला वाजतगाजत तिच्या माणसांत पोचवायचं आणि तिथंच तिचा उपास सोडवायचा, असं कंचनबाईंनी ठरवलं होतं. गाडीला आंब्याची तोरणं, पुढं ढोल आणि सनई, मागं बायकांचा घोळका. बाईंना शालीत गुंडाळून गाडीत बसवलं. परत शहाद्याला निघालोय एवढं त्यांना कळलं. बाकी ढोल का, सनई का, गळ्यात हार का, हे विचारायची ताकदही उरली नव्हती. ढवळ्या मात्र झुलीखाली तुकतुकीत दिसत होता. तीन दिवस चांगले मानवले होते त्याला!

प्रार्थनामंदिरापाशी मिरवणूक थांबली. मंडळी धावत बाहेर आली. मुली “बाई! बाई!” ओरडू लागल्या. पाळकसाहेब पायरीवर उभे राहिले आणि हात उंचावून म्हणाले, “थांबा! घंटा अजून व्हायची आहे. बाईंचं मौन मोडू नका!”

आतल्या आवारात शिपाई घंटेच्या दोरीकडे निघाला होता. त्याची चाल बाईंना गोगलगायीसारखी वाटली.

इकडे कंचनबाई “तीन दिवसांचा उपास, तेला पुरा झाला!” म्हणत हातात मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन गाडीशी आल्या. ‘तेला म्हणजे उपास!’ बाईंना आता कुठं उमगलं. वाटी त्यांनी सुनेकडे दिली. आणि आपले अधू गुडघे धरत, “आई गं” म्हणत, त्या भर रस्त्यात, धुळीत, बाईंच्या पायांशी वाकू लागल्या. गाडीत मांडी घालायला जागा नव्हती, पाय बाहेरच लोंबत होते! बाईंनी घंटेकडे पाहिलं. वाकणाऱ्या कंचनबाईंकडे पाहिलं. तो दुखरा गुडघा जमिनीला टेकणार, एवढ्यात...

“नका हो!” तबीथाबाई ओरडल्या. “उठा! मी उपाशी नाही! म्हणजे आहे, पण मुद्दाम नाही! मला तेल पाहिजे होतं! कंदिलात घालायला! मी रोज भाकरीची वाट पाहिली हो, रोज!”

सनई थांबली. ढोल थांबला. आणि त्या शांततेत, अगदी त्याच क्षणी, घंटा वाजली.

टण्ण!

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. “बाई! एक श्वास, फक्त एक श्वास थांबला असता!”

कंचनबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच राहिल्या. “मग तुम्ही पच्चक्खाण घेतलंच नव्हतं? उपासाचा संकल्प?”

“कसला हो संकल्प? मी तर भरिताच्या वासावर जगले!”

“अरे रे!” कंचनबाई हळहळल्या. “संकल्पाशिवाय तेला होत नाही बाईजी. ती नुसती भूक!”

म्हणजे तेलाही झाला नाही आणि मौनही! बाईंनी खाली मान घातली. डोळे भरून आले. रागावणार असतील तर आता रागावतील, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. पण कुणी रागावलं नाही. कंचनबाई गाडीच्या चाकाला धरून उभ्या राहिल्या, आणि आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग “कंदिलात! कंदिलात घालायला!” म्हणत त्या अशा हसत सुटल्या की सुनेच्या हातातली वाटीही डचमळली.

“शब्द तर मोडला, पाळकसाहेब,” तबीथाबाई हळूच म्हणाल्या.

“मोडला,” पाळकसाहेब म्हणाले. “पण त्यांचा गुडघा वाचवलात. प्रभू तेवढं बघून घेईल.”

घोळक्यातून कोपरानं वाट काढत कौसाबाई पुढं आली. डोक्यावर टोपली. गाडीच्या दांडीवर तिनं टोपली आदळली.

“काय वं बाई, आते तरी जेवशी ना? सांग, कितल्या भाकरी वाढू?”

बाईंनी आनंदानं हात वर केला, तीन बोटं उघडली. कंचनबाईंचे डोळे लकाकले. बाईंनी बोटं झटकन मिटली, हात पदराखाली लपवला आणि साऱ्या शहाद्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं,

“भाकरी! भाकरी तीन! आणि भरीत तेल घालून!”