लोकलहोस्ट, उमेळे

प्रोजेक्टला खरंखुरं गिऱ्हाईक लागेल, असं आत्माराम सरांनी वर्गात जाहीर केलं, तेव्हा स्टेफी डाबरेला आपल्या मोठ्या काकांची आठवण झाली. ती वसईच्या एका कॉलेजात बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला होती. वेब डेव्हलपमेंटचा पेपर तिला बरा जायचा, कारण त्यात वेबसाइट निळ्या पेनाने कागदावर लिहून दाखवायची असे आणि स्टेफीचं अक्षर चांगलं होतं.

"गिऱ्हाइकाचं पत्र पाहिजे," सर म्हणाले. "वेबसाइट चालू आहे, मी स्वतः पाहिली, असं. खाली सही. पत्र नाही तर व्हायवा नाही. व्हायवा नाही तर वर्ष गेलं."

"सर, पण वेबसाइट इंटरनेटवर चढवायची कशी?"

"ते शेवटच्या, पाचव्या युनिटमध्ये आहे."

शेवटचं युनिट फेब्रुवारीत यायचं होतं. फेब्रुवारीत गॅदरिंग आलं, मग सरांना परीक्षांच्या ड्युट्या लागल्या, आणि ते युनिट वर्गाने एकमताने ऑप्शनला टाकलं.

मोठे काका म्हणजे फेबियन डाबरे. उमेळ्यात चारी बाजूंनी इमारती उठल्या, तरी त्यांची केळीची वाडी मधोमध तग धरून होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची आणि सुक्या पानात बांधायची, हे काम त्या आळीत आता ते आणि मटिल्डा काकी दोघंच करत. एक मुलगा कॅनडात होता, दुसरा ऑस्ट्रेलियात. ओटीवर थोरल्याच्या लग्नाच्या वेळी घेतलेल्या बारा खुर्च्या होत्या. त्यांतल्या दहा एकात एक घालून भिंतीशी उभ्या असत.

सहीच्या बाबतीत काका फार कडक होते. आपण हजर नव्हतो त्या सभेच्या इतिवृत्तावर सही करायला त्यांनी एकदा नकार दिला होता आणि चर्चच्या कमिटीला ती सभा पुन्हा घ्यावी लागली होती. म्हणून स्टेफी लॅपटॉप घेऊन उमेळ्याला गेली आणि सुकेळ्यांची वेबसाइट त्यांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दाखवली. काकांनी चष्मा पुसून प्रत्येक शब्द वाचला. स्वतःचा फोटो आला तेव्हा ते जरा सरळ बसले.

"हिचा पत्ता कोणता?"

स्टेफीने वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. काकांनी ती अक्षरं एकेक करून कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतली. मग म्हणाले, "हाच ना नक्की?"

"सध्या तरी हाच, काका."

'सध्या तरी' हे दोन शब्द कॅलेंडरवर उतरले नाहीत. काकांनी पत्रावर सही केली. स्टेफीने ते प्रोजेक्टच्या काळ्या पुठ्ठ्याच्या जाड वहीत लावलं, वरती सोनेरी अक्षरांत नाव छापून घेतलं, आणि आपलं शिक्षण पूर्ण झालं असं समजून ती तीन दिवस निवांत झोपली.

चौथ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये मिस्सा संपत आली. फादरांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना सांगितली, एक हरवलेली किल्ली सापडल्याचं सांगितलं, आणि मग आणखी एक चिठ्ठी उघडली.

"आपले फेबियन डाबरे यांनी सुकेळ्यांची वेबसाइट सुरू केली आहे. ती त्यांच्या पुतणीने बनवली. पत्ता लिहून घ्यावा. एच टी टी पी, दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा, लोकलहोस्ट, पुन्हा दोन टिंबं, पाच पाच शून्य शून्य."

सगळं चर्च शांतपणे ऐकत होतं. पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी स्तोत्रांच्या पुस्तकात लिहूनही घेतलं. स्टेफीने मात्र पायाशी ठेवलेली बॅग बाकाखाली ढकलली. तो पत्ता जगात एकाच ठिकाणी उघडत होता, आणि ते ठिकाण तिच्या बॅगेत होतं.

बाहेर आवारात लोकांनी फोन काढले. क्लिफर्ड हा काकांचा शेजारी. अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. त्याच्या फोनवर जे आलं ते त्याने मोठ्याने वाचलं.

"लोकलहोस्टने जोडणीस नकार दिला."

"नकार?" काका पुढे आले. "कोणी दिला नकार?"

"काका, तुम्ही हा पत्ता आणखी कुठे दिलाय?" क्लिफर्डने विचारलं.

"कंपाउंडच्या भिंतीवर रंगवलाय, रस्त्याच्या बाजूला. हजार लेबलं छापून आणली. सगळी पुडक्यांवर चिकटवून झाली."

क्लिफर्डने स्टेफीकडे पाहिलं. स्टेफीने चपलांकडे पाहिलं.

"काका, कसं सांगू," क्लिफर्ड म्हणाला. "हा पत्ता म्हणजे नुसतं 'आपलं घर' म्हटल्यासारखं आहे. जो टाकेल त्याचं घर. मी माझ्या फोनवर टाकला तर तो माझ्याच फोनमध्ये शोधणार. तिथे सुकेळी कुठून येतील?"

काकांनी बराच वेळ विचार केला. "म्हणजे मी भिंतीवर लिहिलंय, की बाबांनो, तुम्ही आपापल्या घरी जा."

"तसंच काहीसं."

"आणि फादरांकडून तेच वाचून घेतलं. मिस्सेत."

यावर कोणी हसलं नाही. काका घरी गेले, कपडे न बदलता ओटीवर बसले आणि त्यांनी स्टेफीला बोलावून घेतलं.

"बाय, माझं पत्र परत दे."

"काका, सोमवारी, म्हणजे पुढच्या, माझी व्हायवा आहे. पत्र काढलं तर वर्ष जाईल."

"त्यात वेबसाइट चालू आहे असं लिहिलंय. खाली माझी सही आहे."

"चालू आहेच. फक्त माझ्या लॅपटॉपवर. मी बघते, कशी वर चढवायची ते शिकते. आठ दिवसांत जमेल की नाही माहीत नाही, आणि जमली तरी पत्ता वेगळाच येणार."

"मग भिंत?"

स्टेफीच्या डोळ्यांत पाणी आलं. एका सहीवर वर्ष अडेल, हे तिला कोणत्याच युनिटमध्ये शिकवलं नव्हतं. मटिल्डा काकी आतून पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिच्या लॅपटॉपवर चालते ना? मग तो इथे ठेवा ओटीवर. ज्याला बघायचीय तो येईल."

काकांनी यात खोटं काही आहे का ते तपासून पाहिलं. सापडलं नाही.

"ठीक आहे, पत्र राहू दे," ते म्हणाले. "पण जो बघेल त्याने वहीत सही करायची. मी बघितली म्हणून."

सोमवारी सकाळी भिंतीवर पत्त्याच्या खाली एक ओळ वाढली: 'वेबसाइट ओटीवर पाहावयास मिळेल. वेळ ४ ते ७.' लॅपटॉप टेबलावर ठेवून खाली काकींनी क्रोशाचा रुमाल घातला.

पहिल्या दिवशी शेजारचे पाच जण आले. दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतली माणसं आली. वीस वर्षं खिडकीतून वाडी बघत होती, पण ओटी कधी चढली नव्हती. वेबसाइट बघायला दोन मिनिटं लागत. मग काकी चहा ठेवत, काका सुकेळी कशी वाळतात ते सांगत, आणि निघताना माणूस दोन पुडकी घेऊन जाई. बुधवारी भिंतीशी उभ्या खुर्च्या सुट्या झाल्या. शुक्रवारी शेजाऱ्यांकडून बाक आणावा लागला. स्टेफी रोज चार वाजता हजर राहून पानं सरकवत होती, आणि मिळेल त्या वेळात ऑप्शनला टाकलेलं युनिट वाचत होती. ते काही तिला जमलं नाही.

पुढच्या सोमवारी व्हायवा झाली. बाहेरच्या परीक्षक विनया मॅडम दुसऱ्या कॉलेजातून आल्या होत्या. त्यांनी काळी वही घेतली, पट्टीने समास मोजला, आणि बरोबर असल्यामुळे मान हलवली.

"होस्ट कुठे केलीय?"

आत्माराम सर खिडकीबाहेर बघू लागले.

"काकांच्या ओटीवर, मॅडम," स्टेफी म्हणाली. खोट्यासाठी काकांची सही वापरायची तिची हिंमत नव्हती. तिने सगळं सांगितलं आणि सह्यांची वही पुढे ठेवली.

मॅडमनी ती सावकाश चाळली. एकशे त्रेचाळीस नावं होती. काहींनी शेराही लिहिला होता. 'साइट छान. अक्षर मोठे हवे.' 'फेबियनचा फोटो जुना आहे.' 'फार वर्षांनी आलो.'

"आज सकाळपासून मी एकवीस प्रोजेक्ट पाहिले," मॅडम म्हणाल्या. "सगळे कोणाकडून तरी चढवून घेतलेले, इंटरनेटवर आहेत. कोणी उघडून पाहिलंय का, विचारलं तर गप्प." मग त्यांनी काळ्या वहीवर सही केली. "पण युनिट पाच वाचा."

स्टेफी पास झाली. सुट्टीत तिने युनिट पाच खरंच वाचलं, क्लिफर्डकडून दोन गोष्टी समजून घेतल्या, आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात वेबसाइट खरोखरच इंटरनेटवर चढवली. तशीच ती उमेळ्याला गेली.

"काका, आता कॅनडातूनसुद्धा दिसेल. कोणाला इथे यायला नको. घरबसल्या बघतील, घरबसल्या मागवतील."

काकांनी फोनवर स्वतःचा फोटो पाहिला. नंतर त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. व्हायवा झाली तरी चार ते सात माणसं येतच होती; बाराही सुट्या होत्या.

"म्हणजे कोणी येणार नाही?"

"तसं नाही, पण गरज नाही."

काकांनी फोन परत दिला. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवणं त्यांना कधीच जमलेलं नव्हतं.

"चांगली केलीस, बाय," ते म्हणाले. "पोरांना पाठव. ते लांब आहेत, त्यांना उपयोग होईल."

"आणि भिंतीवर नवा पत्ता रंगवायचा ना? मी लिहून आणलाय."

"भिंतीला आत्ताच ईस्टरला रंगाचा नवा हात दिलाय," काका म्हणाले. "जुनाच पत्ता आहे. तो बरोबर आहे."

चार वाजत आले होते. आतून मटिल्डा काकी क्रोशाचा रुमाल घेऊन बाहेर आल्या आणि स्टेफीला म्हणाल्या, "लॅपटॉप आणलायस ना?"