मामाजींच्या मांडीतलं लोखंड

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, मग हात वळलाच नाही. पण झितरूमामाजींबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं फार वाटतं.

दसऱ्याला आमच्या गावात घरोघरी अवजारांची पूजा होते. शेजारच्या मामाजींकडे भिंतीशी कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ असं ओळीनं मांडलेलं असे, आणि ओळीत शेवटी धोतर सारून स्वतः मामाजी बसलेले असत. हळदकुंकू जसं फाळाला, तसं त्यांच्या उजव्या मांडीलाही.

"माह्यात बी लोखंड आहे," ते म्हणत. "त्याले काऊन इसरायचं?"

दरेकशाच्या स्टेशनावर वॅगनीत लाकूड भरताना ओंडका पडून त्यांची मांडी मोडली होती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आत पोलादी पट्टी घालून, स्क्रू पिळून हाड जागेवर बसवलं. आतले टाके मेंढीच्या आतड्याच्या दोऱ्याचे होते, ते अंगातच विरघळतात. मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मेंढी जिरली, लोखंड रायलं!"

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं होतं. साधं लोखंड रक्तात गंजतं, अंग ते सोसत नाही. हे पोलाद निराळं आहे, शरीर त्याच्याशी भांडत नाही. हाड जोडायचं काम हाडच करतं, पट्टी तोवर नुसती धरून ठेवते. मामाजींना बाकी सगळं पटलं, गंजाचं तेवढं पटलं नाही.

"डाक्टर शिकला आहे. पण त्यानं कधी फाळ पावसात इसरला आहे का?"

म्हणून रोज संध्याकाळी ते मांडीला जवसाचं तेल चोळत, बैलबंडीच्या आखाला वंगण घालावं तसं. आंघोळ करताना तो पाय बाहेर, कोरडा. धानाच्या रोवणीला सगळं गाव चिखलात, आणि मामाजी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहून हुकूम सोडत. बाया चिडवायच्या, "या ना मामाजी बांधीत, चिखलात!"

"गंज चढते वो बाई!"

नात्यानं ते मला सासरे लागत. मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून ऐके. त्यांच्यासमोर कधी एक शब्द बोलले नव्हते.

एका भादव्यात बंडी उलटून आमच्या घरच्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मांडी मोडली. डॉक्टर म्हणाले, नागपूरला नेऊन पट्टी घाला, नाही तर पाय आखूड राहील, पुन्हा नांगर धरता येणार नाही. घरच्यांनी तोंड फिरवलं. "मी नाही घालून घेत लोखंड. मेल्यावर ते जळते का?"

"नाही जळत," मामाजी म्हणाले. "बरंच आहे ना बावा! राख कोणाची, ते ओळखू येते."

घरचे कण्हता कण्हता हसले आणि तयार झाले.

पण गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये नाला, आणि तो भरून वाहत होता. बंडी उतरेना. बाजेवर घालून न्यायचं ठरलं, तर खांदे द्यायला तीनच माणसं. मामाजी काठावर पाय जपत उभे होते. त्यांनी फेटा घट्ट केला, धोतर खोचलं, बाजेचा चौथा कोपरा खांद्यावर घेतला आणि सरळ पाण्यात शिरले. पाणी कमरेला लागलं.

"मामाजी, गंज!" मी ओरडले. कशी ओरडले, मलाच कळलं नाही.

"चढू दे!" ते मागे न पाहता म्हणाले. "तू कायले उभी आहेस? चाल!"

स्टेशनावर त्यांनी फेटा सोडला. आत कोरड्या नोटा होत्या. "माह्यं गंजलं तं नवं घालाले ठेवले होते. आधी तुह्या नवऱ्याले घाल." मग त्याच फेट्यानं ते गाडी येईपर्यंत मांडी पुसत राहिले. मामीजी वारल्यापासून त्यांना घरी तेल कोमट करून द्यायलाही कोणी नव्हतं.

नागपूरला पट्टी बसली, हाड जुळलं. घरचे चालू लागले, नांगर धरू लागले. धान निघालं की आम्ही थोडे थोडे पैसे परत करत गेलो. शेवटचे द्यायला दसऱ्याला दोघंही गेलो. मामाजींनी घरच्यांना हात धरून ओळीत बसवलं आणि त्यांच्या मांडीला कुंकू लावलं.

मी पैसे पुढं ठेवले आणि मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, सगळे फिटले."

त्यांनी नोटा फेट्यात बांधल्या. "हे आता दोघाइचे," ते म्हणाले. "ज्याचं आधी गंजंल, त्याले."