टॉवेल कुठं वाळतो?

कडूबाई मावशी कुणालाच 'तुम्ही कुठं राहता?' असं विचारत नाहीत. त्या विचारतात, "टॉवेल कुठं वाळतो?"

आम्ही गारखेड्यात राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि शेजारच्या कंपाउंडवरून एक डोकं वर आलं. डोक्यावर पदर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि तोंडात हा प्रश्न. मी नाव सांगितलं, बँकेतली नोकरी सांगितली, बदलीचं सांगितलं. मावशींनी ते सगळं माशी हाकलावी तसं हाकललं. "ते ऱ्हाऊ द्या भाऊ. टॉवेल कुठं वाळंल तुमचा? इथं, का अजून जुन्या घरी?" बायकोनं पिशवीतून टॉवेल काढून गच्चीवरच्या दोरीवर टाकला, तेव्हा कुठं आम्हाला चहा मिळाला.

मावशींचं तत्त्वज्ञान सरळ आहे. आधार कार्ड कुणीही काढतं, वीजबिल मेलेल्या सासऱ्याच्या नावानं येतं, आणि दारावरची पाटी तर सगळ्यात मोठी थापाडी. माणूस जिथं रोज अंग पुसतो तिथंच तो राहतो, बाकी सगळा कागद. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला. "मावशी, मी तुमच्याच वॉर्डातला." मावशींनी त्याच्या गळ्यातल्या उपरण्याकडं बघितलं. "हे तर प्रचाराचं झालं. टॉवेल कुठं वाळतो तुमचा?" उमेदवार पार सिडकोत, दुसऱ्याच वॉर्डात राहत होता. मागच्या कार्यकर्त्यांपैकी दोघं हसले, आणि पुढच्या फेरीला ते दोघं दिसले नाहीत.

मावशी मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या, शेतीवाल्या घरातल्या. यजमानांनी इथं प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती आणि भावकी त्यांना हसली होती. पुढं शहर वाढत आलं, ज्वारी गेली, यजमानही गेले, आणि मावशींच्या मागच्या भिंतीला लागून एक भलीमोठी इंग्रजी शाळा उभी राहिली. तेव्हापासून मावशी शाळेच्या घंटेवर जेवतात. सुट्टीत त्यांचं पित्त वाढतं.

शाळा आली आणि मावशींच्या पत्त्याला भाव आला. अशा शाळांत पंचवीस टक्के जागा गोरगरिबांच्या मुलांना फुकट असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अर्ज भरताना मोबाइलमधल्या नकाशावर आपल्या घराचा फुगा ठेवावा लागतो. फुगा शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असला तर पहिला नंबर, पलीकडं गेला की रांगेत मागं. म्हणजे नुसतं गरीब असून भागत नाही, जवळचं गरीब असावं लागतं.

त्यामुळं दर वर्षी अर्जांच्या दिवसांत मावशींकडं माणसांची रीघ लागते. एकदा गुलमंडीच्या बाजारातले एक कापडवाले शेठ आले. गाडी कोपऱ्यापलीकडं लावून, मुद्दाम झिजकी चप्पल घालून. त्यांना भाडेकरार हवा होता, खोली नको होती.

"या की," मावशी म्हणाल्या. "शेठाणीला घेऊन या. संडास मागं हाय. नळ कधी येतो ते नळालाबी मालूम नाय. हंडे भरता येतात न्हवं शेठाणीला?"

"अहो, राहायचं नाही. फक्त पत्ता पाहिजे."

"पत्ता म्हंजे काय कोथिंबीर हाय का, मागितली की दिली मूठभर?"

शेठ गेले. मावशी कितीतरी वेळ त्यांच्या चपलेवर बोलत होत्या.

या कडक कायद्यातून सुटलेला माणूस एकच, मावशींचा मुलगा राजू. तो पुण्यात कंपनीत आहे. आधार, मतदान, सगळं त्याचं अजून इथलंच. दिवाळीला येतो, पण उतरतो शहरातल्याच सासुरवाडीला, कारण तिथं एसी आहे. इथं दुपारी जेवतो, घड्याळ बघतो आणि जातो. "राजू इथंच ऱ्हातो," मावशी सांगतात, "नोकरीपुरता पुण्याला असतो." त्याच्या टॉवेलची चौकशी करायची हिंमत गल्लीत कुणात नव्हती. आमच्या गच्चीवरून मावशींची मागची तार दिसते. एकट्या बाईच्या तारेवर नेहमी दोन टॉवेल असायचे. एक त्यांचा पांढरा, विटका, आणि एक निळा सोलापुरी. मला वाटायचं, पाहुण्यांसाठीचा असेल.

अशात मिलिंद आला. लासूर स्टेशन गावचा पोरगा, शहरात रिक्षा चालवायचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायचा. बायको रेखा, पोरगी आरोही. पोरीला या शाळेत घालायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. रोज शाळेच्या दारात रिक्षातून दुसऱ्यांची पोरं उतरवून त्याला ते वेड लागलं होतं.

"मावशी, निस्ता कागद करून द्या. तुम्हाला कायबी तरास नाय."

"कागद भेटणार नाय. खोली भेटंल. टॉवेल घेऊन ये."

मिलिंदला हे अपेक्षित नव्हतं. पण आठवडा उलटायच्या आत त्यानं बिऱ्हाड आणलं. रीतसर नोंदणी करून भाडेकरार झाला, फुगा मावशींच्या छपरावर बसला. गल्लीतल्या एका सद्गृहस्थांनी मावशींना बाजूला घेऊन विचारलं, "नवे भाडेकरू कोणत्या समाजाचे?"

"रोज अंघोळ करनाऱ्या," मावशी म्हणाल्या. "तुमचं काय चालू हाय सध्या?"

सोडतीत आरोहीचं नाव लागलं. मिलिंदनं गल्लीभर पेढे वाटले. आणि लगेच तक्रार गेली, की हे लोक इथं राहतच नाहीत, पत्ता बोगस आहे. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात, म्हणून ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पेढा त्या सद्गृहस्थांनीही खाल्ला होता.

पडताळणीला शिक्षण खात्याकडून एक साहेब आणि एक मॅडम आल्या. पंच म्हणून मला बोलावलं. पत्ता खोटा ठरला तर प्रवेश रद्द, हे साहेबांनी दारातच सांगितलं. मिलिंद नेमका रिक्षा घेऊन बाहेर होता. रेखा भिंतीला टेकून उभी होती.

मॅडमनी पोरीला जवळ घेतलं. "बाळा, तुमच्याकडं नळ कधी येतो?"

"नळ येतच नाय," आरोही म्हणाली. "टँकर येतो."

मॅडमना हे उत्तर पटलं. त्याही शहरातच राहत होत्या. पण साहेब सहजासहजी पटणारे नव्हते. "सामान काय, कुणीही आणून ठेवतं," असं म्हणत ते भांडी वाजवून बघत होते. तेव्हा मावशी पुढं झाल्या. त्यांच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस होता. सरकार त्यांच्या दारात येऊन त्यांचाच प्रश्न विचारत होतं.

"या इकडं, साहेब. पुरावा मागं हाय."

सगळे तारेपाशी गेलो. "ह्यो मिलिंदचा. ह्यो रेखाचा. ह्यो कार्टूनचा पोरीचा. ह्यो माझा. हात लावून बगा, ओले हायत."

साहेबांनी एकेका टॉवेलला हात लावला. खरंच ओले होते. मग ते शेवटच्या निळ्या टॉवेलपाशी आले, आणि त्याची कड त्यांच्या हातात पापडासारखी वाजली.

"हा कुणाचा? सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या आणि हा ठणठणीत कोरडा? याला तर पाणीच लागलेलं दिसत नाही." साहेबांचा चेहरा उजळला. "अच्छा. आम्ही येणार म्हणून तार सजवलीय होय!"

"तो राजूदादाचा," आरोही मदतीला धावली. "दादा इथंच ऱ्हातो. मी बगितला नाय अजून."

"कागदावर राजू कुठंय?" साहेबांनी पेन काढलं. "एक टॉवेल खोटा, तर बाकीचे कशावरून खरे? मी संशयास्पद लिहितो."

रेखानं डोळ्याला पदर लावला. मी मावशींकडं बघितलं. उमेदवाराला गप्प करणारी, शेठला चपलेसकट परत पाठवणारी ही बाई निळ्या टॉवेलची कड सारखी करत होती. खरं उत्तर तिला तोंडाबाहेर काढायचं नव्हतं. मला त्या क्षणी साहेबांचा, पुण्याचा आणि एसीचा मनापासून राग आला.

"लिहू नका," मावशी म्हणाल्या. आवाज इतका लहान की साहेबांना वाकावं लागलं. "राजू माझा पोरगा हाय. तो इथं ऱ्हात नाय. पुण्याला ऱ्हातो. अंघोळबी कधी करत नाय इथं. मीच रोज टाकते त्यो टॉवेल. त्यो एक खोटा हाय, साहेब. बाकीचे चारी खरे हायत."

मॅडमनी साहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं, की कुटुंब इथंच राहतं. मी खाली सही केली. साहेब जाताना चहाला थांबले नाहीत. मावशींनीही आग्रह केला नाही.

त्यानंतर काही दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ऐकायला नको ते ऐकलं होतं. तारेवर चारच टॉवेल असत.

जूनमध्ये आरोहीची शाळा सुरू झाली. एका रविवारी सकाळी मी गच्चीवर गेलो तर मावशी मागच्या अंगणात तिचं डोकं धूत होत्या. पोरगी ओरडत होती, आणि मावशी त्या निळ्या टॉवेलनं तिचं डोकं खसाखसा पुसत होत्या. टॉवेल इतका मोठा की अर्धा जमिनीवर लोळत होता. मांडीवर फोन होता, स्पीकरवर.

"अरे, तुझा टॉवेल पोरीला दिला. तू कशाला रागावशील, व्हय. दिवाळीला ये पण. सकाळीच ये, बिनअंघोळीचा."

राजू पलीकडून बघू म्हणाला. मावशींनी टॉवेल पिळला, झटकला आणि तारेवर टाकला. मला गच्चीवर बघून त्या कितीतरी दिवसांनी बोलल्या. "काय भाऊ, चहा झाला का?"

दुसऱ्या दिवशी तारेवर पाचाचे सहा टॉवेल झाले होते. सहावाही निळाच, सोलापुरी, घडीच्या रेघाही न गेलेला. पहिला घेतला तेव्हाच त्यांनी गुलमंडीतून जोडी आणली होती म्हणे. हा कुणाचा, ते मी विचारलं नाही.