आगीची आठवण आणि ऑम्लेट

सासऱ्यांना खूश करायचं, एवढंच मी त्या सकाळी ठरवलं होतं. (आगीचा बंब बोलवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.)

आमचे सासरे इतिहासाचे निवृत्त मास्तर. ते राहायला आले की आमच्याकडे नाश्त्याआधी दिनविशेष पाळला जातो. कुणाचा राज्याभिषेक असला तर टाळ्या. तह असला तर सगळ्यांनी हात मिळवायचे (आदल्या रात्री नवराबायको भांडून झोपले असले तरी!). आणि कुणी गेलं असेल तर मान खाली घालून स्तब्ध उभं राहायचं. त्यात कुणी हललं की शांतता पहिल्यापासून सुरू. मला एकदा सर्दी झाली होती, तेव्हा एकाच सेनापतीला आम्ही तीनदा श्रद्धांजली वाहिली.

अशा या माणसानं लग्नापासून आजवर माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. ते ऐकायला माझे कान आसुसलेत, खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी मोबाइलवर वाचलं, आज ऑम्लेट दिन! म्हटलं, संधी आपल्या पायांनी चालत आली.

"आज नाश्ता माझ्याकडे," मी बायकोला सांगितलं.

"तुमच्याकडे? अहो, गॅस तरी पेटवता येतो का?"

"इतिहास घडताना बघ नुसती!"

डझनभर अंडी फोडली. (टरफलं मागाहून वेचली. बरीचशी.) तव्यावर ओतून गॅस मोठा केला, तोच बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"जावईबापू, या! आजच्याच दिवशी एक अख्खं शहर आगीत भस्मसात झालं. उभे राहा."

"बाबा, तव्यावर ऑम्लेट..."

"तिथे माणसं होरपळली आणि तुम्हाला ऑम्लेट सुचतंय?"

राहिलो उभा. थोड्या वेळानं वास आला. बायकोनं डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली, मी भुवयांनी हतबलता कळवली.

"कोण हललं? पहिल्यापासून!"

आता धूर बाहेर आला. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. केवढा हळवा माणूस, असं मला वाटलं. मग माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या. घसा नुसता खवखवत होता, पण मी खोकलो असतो तर ते शहर पुन्हा पहिल्यापासून जळलं असतं.

शेवटी शेजारणीनं बंब बोलावला. जवान दार तोडून आत घुसले, तर धुरात तीन माणसं माना खाली घालून उभी!

"अहो, पळा ना! उभे काय राहिलात?"

"आग लागली होती म्हणून," मी पुटपुटलो.

"होती? लागलीय!"

"ही नाही हो, जुनी."

तवा, पडदा आणि किराण्याचं निम्मं कपाट गेल्यावर सासरे खुर्चीत बसले. चष्म्यावरची काजळी पुसत गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, आजची तारीख या घराच्या इतिहासात राहणार."

माझी छाती फुगली. आलंच की कौतुक!

"पुढच्या वर्षीपासून या दिवशी घरात चूल पेटणार नाही. सगळ्यांना कडकडीत उपास."

बापाचा एकही दिनविशेष आजवर खुशीनं न पाळलेली माझी बायको ताडकन उठली.

"पुढच्या वर्षीपासून कशाला, बाबा? आजपासूनच करू. नाहीतरी ह्यांनी घरात खायला काय शिल्लक ठेवलंय?"