पडदा छान आहे

कोणतीही कला शिकायची तर पूर्वी गुरू लागत असे. आता अभिप्राय लागतात. हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. गुरू एकच असतो आणि त्याला चुका ऐकू येतात. अभिप्राय देणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्यात हा दुसरा दोष आढळत नाही.

नांदेडात तरोडा नाक्याला आमच्या समोरच्या घरातली तनुजा याच शास्त्रशुद्ध मार्गानं बेस गिटार शिकली. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. गाण्यात त्याचा आवाज खाली, जमिनीलगत चालतो. चालू असतो तोवर कोणाच्या लक्षात येत नाही आणि थांबला की गाणं पोकळ वाटायला लागतं. (घरोघरी अशी एक व्यक्ती असते. तिलाही अभिप्राय मिळत नाहीत.)

तनुजाला लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा होता. तिचे वडील संगप्पा, म्हणजे आप्पा, यांचं मेडिकलचं दुकान आहे. दुकानात फार्मसीचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं आहे. ते दुसऱ्या एका गृहस्थांचं असून ते गृहस्थ पुण्याला राहतात. ही गैरसोय कायमची मिटावी म्हणून मुलीनं डी.फार्म. करावं, अशी आप्पांची इच्छा. अखेर बापलेकीत तह झाला.

"लातूरवाले इंटरव्ह्यू घेईपस्तोर वाजव," आप्पा म्हणाले. "जागा भेटली तर मी काई म्हणत न्हाई. न्हाई भेटली तर गुमान फार्म भर."

"कशाचा फार्म, आप्पा?"

"जे भिंतीवर टांगायचं असतंय, त्याचा."

तनुजानं लातूरच्याच गुरुबसप्पा सरांचा ऑनलाइन क्लास लावला. सरांनी तीस वर्षं फिजिक्स शिकवलेलं. बेस गिटार त्यांनी हातात धरलेली नाही, परंतु एखादी गोष्ट हातात धरल्यानं ती शिकवताना मन कलुषित होतं, असं त्यांचं मत आहे. त्यांची पद्धत चाचण्यांची. नियमावली अशी:

(अ) दर रविवारी एक गाणं लावावं, त्याच्यासोबत बेस वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करावं. यास कव्हर म्हणावं.

(ब) प्रत्येक कव्हरवर पंचवीस लेखी अभिप्राय गोळा करावेत. चोवीस झाल्यास कव्हर नापास.

(क) अभिप्रायांनुसार सुधारणा करून पुढचं कव्हर करावं.

(ड) कव्हर सरांना ऐकवू नये. अभिप्रायांचा तक्ता पाठवावा.

पंचवीस अभिप्रायांची सोय तिच्या शंकरप्पा काकांनी केली. काका तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळं न पाहिलेल्या प्रकरणावर शेरा मारण्याचा त्यांना दांडगा अनुभव. त्यांनी 'तनुजाचे अभिप्राय' असा व्हॉट्सअॅप ग्रुप काढून एकशे बारा नातेवाईक, शेजारी आणि परिचित त्यात ओढले. मलाही ओढलं. मी गेलो.

इथं एक तांत्रिक बाब नोंदवली पाहिजे. मोबाईलच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून बेसचा आवाज बाहेर येतच नाही. त्यामुळं आम्हाला मूळ गाणं ऐकू यायचं आणि एक मुलगी गंभीर चेहऱ्यानं बोटं हलवताना दिसायची. यामुळं अभिप्रायांचं काम एक दिवसही अडलं नाही. पहिल्या दहा कव्हरांवर आलेल्या अडीचशे अभिप्रायांचं वर्गीकरण काकांच्या रजिस्टरप्रमाणे असं:

नुसता अंगठा: ११८
मागचा पडदा छान आहे किंवा बदला: ६१
कूलर कुठून घेतला: ३४
गळा गोड आहे: २२ (तनुजा गात नव्हती)
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा: १४ (वाढदिवस नव्हता)
बेसविषयी: १

नियम (क) प्रमाणे सुधारणा होत गेल्या. तिसऱ्या कव्हरला पडदा धुतला, पाचव्याला बदलला, सहाव्याला त्याला झालर लावली. कूलर चौकटीबाहेर गेला आणि लोकांच्या आग्रहास्तव परत आला. 'मरून रंग जास्त उठून दिसेल' हा अभिप्राय माझा. दहाव्या कव्हरपर्यंत पडद्यानं केलेली प्रगती पाहून सरांनी तक्त्यावर 'समाधानकारक' असा शेरा दिला.

तो एकटा पडलेला, बेसविषयीचा अभिप्राय इतवाऱ्यातल्या लालमहंमदभाईंचा. ते स्पीकर दुरुस्त करतात. दुरुस्त झालेला पुरुषभर उंचीचा स्पीकर वाजवून बघायचा म्हणून त्यांनी मोबाईलमधलं हाताला लागेल ते लावलं, ते नेमकं तनुजाचं कव्हर निघालं. त्यांनी ग्रुपवर आवाजी निरोप टाकला: "तनुजाबेटी, चौथी तार उतरेली है. और तू गाने के पीछे चल रई. आगे नको, पीछे नको. साथ में चल."

उमरीच्या लक्ष्मीबाई आत्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं: "कशाला पोरीचं मन मोडून राहिलेत भाऊ. एवढा पडदा शिवलाय तिनं." काकांनी 'ग्रुपच्या उद्देशाशी विसंगत मजकूर' असा शेरा मारून लालमहंमदभाईंना काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तनुजा गिटार पाठीला बांधून स्कूटीवर इतवाऱ्यात गेली.

"चाचा, काकांनी तुमाला काढून टाकलं."

"हाव, देखा. रोज सुबह गुलाब के फूल आ रे थे, वो बंद हुए. सुकून है." त्यांनी गिटारची वायर स्पीकरला जोडली. "बजा."

तिनं तार छेडली. फळीवरच्या डब्यातले स्क्रू खडखडले.

"हे मी वाजवून राहिले?"

"तूच. इसलिए तो बोला."

त्यानंतर चार महिने ती रोज दुपारी तिथं जात होती. रविवारची कव्हरं आणि अंगठे यथासांग चालूच होते, कारण क्लासचा दाखला तक्त्यावर मिळत होता.

इंटरव्ह्यूला आप्पा सोबत गेले. लातूरला मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्राचे मालक हरिओम बसले होते. स्टेजच्या दोन्ही अंगांना स्पीकरची उतरंड. तनुजा वर गेली, वायर जोडली, पाचवी तार कानानं जुळवून घेतली आणि वाजवायला लागली. गाण्याच्या पुढं नाही, मागं नाही. आप्पा उमेदवारांच्या खुर्च्यांत बसले होते. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, मग हात काढून पाहिला, मग परत ठेवला.

"हे हितं आत वाजून राहिलंय की," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. पोरीचं वाजवणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अंगठे मात्र त्यांनी तोवर सव्वीस दिलेले होते.

वाजवून झाल्यावर हरिओमनी तनुजानं आणलेली अभिप्रायांची फाईल उघडली. पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला.

"ताई, वाजवणं झकास हाय. त्यात वाद न्हाई. पण हे काय लावलंय? तार उतरेली है, पीछे चल रई?"

"तेवढा एकच अभिप्राय हाय, सर. बाकीचे अंगठे हायेत."

"मग तो कशाला पुढं लावायचा? मला लग्नवाल्यांना फाईल दाखवावी लागते. लोक पहिलंच पान वाचतात."

"त्याच्यामुळंच वाजवता आलं मला."

"असंल ना. मी कुठं न्हाई म्हणलं." त्यांनी फाईल मिटली.

जागा उमरीच्या प्रेम नावाच्या तरुणाला मिळाली. त्याच्या फाईलीत तीन हजार चारशे अभिप्राय होते आणि एकही प्रतिकूल नव्हता. आजही नाही. हंगामातली बावीस लग्नं झाली, पण त्याच्या गिटारची वायर कशालाच जोडलेली नसल्यामुळं चूक म्हणून कोणी ऐकलेली नाही. बेसचा आवाज पेनड्राईव्हमधून येतो.

परतीच्या एसटीत आप्पांनी दोन तिकिटं काढली. लोहा गेल्यावर म्हणाले, "फार्म भरावा लागंल, बाई. बोलणं झालं होतं आपलं."

"हाव, आप्पा."

थोड्या वेळानं म्हणाले, "गिटार इकू नको पण."

तनुजा आता डी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुण्याच्या गृहस्थांची फ्रेम उतरवण्याची तारीख जवळ आली आहे. दुपारी इतवाऱ्यात अजून स्क्रू खडखडतात. हल्ली आप्पाही तिथं जाऊन खिशावर हात ठेवून बसतात. काकांचा ग्रुप चालू आहे. कव्हरं येणं बंद झालं, ही गोष्ट एकशे अकरा सदस्यांपैकी कोणाच्या लक्षात आलेली नाही. अंगठे येतात.

हा मजकूर मी त्याच ग्रुपवर टाकणार आहे. 'सुंदर लेख, सर' असे अभिप्राय अर्ध्या मिनिटात येतील, याची मला खात्री आहे आणि मी त्यांचा ऋणीही राहीन. तुमचाही त्यात असेल. फक्त एक गोष्ट. बेस गिटारला चार तारा, हे मी दुसऱ्याच परिच्छेदात सांगितलं होतं. लातूरच्या स्टेजवर तनुजानं पाचवी जुळवली. लालमहंमदभाई तिथं थांबले असते.

तुम्ही मान डोलावत इथपर्यंत आलात. पडदा आवडला असावा.