पस्तिसावं वाण

"अहो, बेसमेंटमधल्या खोक्यातलं लाकूड घेऊ का मी?" शनिवारी सकाळी सुमेधाने विचारलं.

"हं," दीनानाथ पुस्तकातूनच म्हणाला. नवऱ्याचं असलं 'हं' कितीला पडतं, ते त्याला संध्याकाळी कळलं.

शहात्तर सालचा जानेवारी. टोरांटोहून मागवलेल्या स्टीलच्या वाट्या आल्याच नाहीत आणि संक्रांतीचं हळदीकुंकू दारात येऊन ठेपलेलं. एडमंटनमधल्या मराठी, गुजराती, तेलुगू बायका आणि शेजारच्या युक्रेनियन आजी धरून पस्तीसजणी येणार. खोक्यात लाकडी तुकडेही बरोब्बर पस्तीस! गरम भांड्याखाली ठेवायला छान, म्हणून सुमेधाने तेच वाण म्हणून लुटले.

"अगं, ते माझं लेक्चर होतं!" दीनानाथने कपाळावर हात मारला.

युनिव्हर्सिटीतली त्याची नोकरी कायम करायची की नाही, हे सोमवारच्या त्या लेक्चरवर ठरणार होतं. विषय असा, की सारखे चौकोन कडेला कड लावून जोडले तर वेगवेगळे आकार किती होतात? तीन चौकोनांचे दोन, चारांचे पाच, पाचांचे बारा, सहांचे पस्तीस. फिरवून किंवा उलटून दुसऱ्याशी जुळला, तर तो आकार नवा नाही. महिनाभर करवत चालवून बिचाऱ्याने ते पस्तीस कापले होते. आणि विभागप्रमुख तर चहाबरोबरची बिस्किटंसुद्धा मोजणारे.

त्याने पहिला फोन केला मराठी मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या जयंतीबाईंना.

"दिलेलं वाण परत मागतोस? अरे, संक्रांतीचं आहे ते!"

"दोन तासांपुरतंच हो. माझा जॉब अडलाय."

"दोन मिनिटंसुद्धा नाही. हवं तर आम्हीच येतो घेऊन. राइड्स मी अरेंज करते."

सोमवारी बाहेर उणे तीस होतं. तरी जाडजूड कोटांखाली साड्या नेसून, युक्रेनियन आजी तेवढ्या झग्यात, अशा पस्तीसजणी सुमेधाबरोबर आल्या आणि मांडीवर एकेक तुकडा घेऊन पुढच्या रांगा अडवून बसल्या. प्राध्यापक मंडळी मागे गेली. दीनानाथने तोंड उघडलं, तोच जयंतीबाई उभ्या राहिल्या.

"सुमेधा, हा दुजाभाव बरा नव्हे हं! सगळ्यांना वेगवेगळं आणि मला नि चित्राला मात्र एकच? हे बघ, उलटं केलं की तेच!"

त्यांनी आपला तुकडा उलटून शेजारच्या चित्राच्या तुकड्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

दीनानाथला चूक उमगली. म्हणजे एक आकार दोनदा कापला आणि एक राहूनच गेला! त्या बाई काय म्हणताहेत, असं विभागप्रमुखांनी मागून विचारलं. थाप मारावी असं त्याच्या मनात आलंही, पण जयंतीबाईंना इंग्रजी चांगलं कळत होतं.

"त्या म्हणताहेत, उलटून जुळतात ते दोन आकार एकच. म्हणजे इथे चौतीसच आहेत," तो कसाबसा म्हणाला. "तर पस्तिसावा आता शोधू या."

त्याने बायकांना एकेक तुकडा वर धरायला लावला, वहीतल्या यादीशी ताडून पाहिला आणि राहिलेला आकार फळ्यावर काढला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने हे सगळं मुद्दामच योजलं होतं, अशी सर्वांची खात्री पटली. विभागप्रमुखांनी तर जयंतीबाईंना विचारलं, गणित कुठे शिकलात?

"हळदीकुंकवात," त्या म्हणाल्या. "कुणाला काय मिळालं, ते आम्ही नीट बघून घेतो."

नोकरी कायम झाली. पुढच्या जानेवारीत सुमेधाने पुन्हा विचारलं, "अहो, खोक्यातलं लाकूड घेऊ का मी?"

या खेपेला दीनानाथने पुस्तक मिटलं.

"घे की. यंदा सात चौकोनांचे आहेत, चांगले एकशे आठ. फक्त लुटायच्या आधी एकदा जयंतीबाईंना दाखव."